पी-५३ची पहिली व्हायल: मागवण्यापासून डीएनएला चिकटवण्यापर्यंत

थर्माकोलचं झाकण काढलं, ड्राय आइसची वाफ हाताने बाजूला केली आणि तळाशी बोटाच्या दोन पेरांएवढी एक नळी सापडली. उजेडासमोर धरली तर आत काहीच दिसेना. मी ओरडलेच, "मॅडम, रिकामी पाठवली हो!" मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला, नळी फिरवून पाहिली आणि म्हणाल्या, "झाकणात बघ." झाकणाच्या आतल्या खाचेत मिरीच्या दाण्याएवढा गोठलेला थेंब चिकटून बसला होता. आमच्या प्रकल्पाचा त्या तिमाहीतला बहुतेक खर्च त्या मिरीत होता.

याला आता सहा वर्षं झाली. मी डिचोलीची. एमएस्सी झाल्यावर गोव्यातल्याच एका प्रयोगशाळेत प्रोजेक्ट फेलो म्हणून लागले आणि तेव्हापासून पी-५३ या प्रोटीनबरोबर माझा संसार चालू आहे. दर पावसाळ्यात नवी मुलं येतात, तीच नळी उजेडासमोर धरतात आणि तोच प्रश्न विचारतात. प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकते. ताळगावच्या पठारावर असा, जुवारीनगरला असा किंवा बांबोळीला, अडचणी सगळीकडे सारख्याच.

आधी थोडी ओळख. पी-५३ हे माणसाच्या पेशीच्या केंद्रकात काम करणारं ३९३ अमिनो आम्लांचं प्रोटीन. त्याचा जीन १७ व्या गुणसूत्रावर आहे. डीएनएला इजा झाली की चार-चारच्या जुडीने ते डीएनएवर ठरावीक जागी बसतं आणि पेशीचं विभाजन थांबवणारे किंवा पेशीला मरायला लावणारे जीन चालू करतं. माणसाच्या सुमारे निम्म्या कॅन्सरमध्ये याच जीनमध्ये बिघाड सापडतो, म्हणून प्रयोगशाळांना त्याचं एवढं वेड. १९७९ मध्ये ते सापडलं आणि पुढची जवळजवळ दहा वर्षं ते कॅन्सर घडवणारं प्रोटीन मानलं गेलं. कारण सुरुवातीला हाती आलेले क्लोनच, म्हणजे त्या जीनच्या प्रतीच, बिघडलेले, म्हणजे म्यूटंट होते. १९८९ मध्ये चित्र उलटलं. आपल्या नळीत नेमकं काय आहे हे न तपासता पुढे गेलं की काय होतं, याचा दाखला या प्रोटीनच्या इतिहासातच आहे.

रिकॉम्बिनंट म्हणजे हा मानवी जीन जिवाणूत, किड्याच्या पेशीत किंवा दुसऱ्या एखाद्या यजमानात घालून त्याच्याकडून करवून घेतलेलं प्रोटीन. ते माणसाच्या शरीरातून काढलेलं नसतं. घरी कोणी विचारलं तर एवढं सांगता आलं पाहिजे.

१. कॅटलॉग उघडायच्या आधी प्रश्न एका ओळीत लिहा

"आम्हाला पी-५३ हवंय" असं डीलरला सांगणं म्हणजे मासळी बाजारात जाऊन "मासे द्या" म्हणण्यासारखं आहे. कशासाठी हवंय? डीएनएला चिकटतं का हे पाहायचंय, एमडीएम-२ या प्रोटीनशी त्याची पकड मोजायचीय, की वेस्टर्न ब्लॉटमध्ये (जेलवर वेगळं केलेलं प्रोटीन अँटिबॉडीने ओळखायच्या चाचणीत) पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून एक बँड, म्हणजे पट्टा, हवाय? प्रत्येकासाठी माल वेगळा आणि भाव वेगळा.

नुसत्या बँडसाठी सर्वात महाग, "ॲक्टिव्ह" लिहिलेली व्हायल मागवू नका. उलट डीएनएचं काम असेल तर गव्हाच्या अंकुराच्या अर्कात बनवलेलं, फक्त अँटिबॉडीच्या चाचण्यांसाठी विकलं जाणारं प्रोटीन स्वस्त दिसलं म्हणून घेऊ नका. ते डीएनएला चिकटेल असं कंपनीने कुठेही म्हटलेलं नसतं, त्यामुळे नंतर भांडायलाही तोंड राहत नाही.

२. डेटाशीट: किमतीच्या रकान्याआधी हे रकाने वाचा

लांबी. पूर्ण प्रोटीन म्हणजे १ ते ३९३. पुष्कळदा मधला डीएनए धरणारा भागच, साधारण ९४ ते ३१२, विकला जातो. तो जास्त स्थिर असतो आणि बनवायलाही सोपा. पण एमडीएम-२ पकडतं ते सुरुवातीच्या टोकाला, १९ वं फेनिलॲलनिन, २३ वं ट्रिप्टोफॅन आणि २६ वं ल्यूसिन या तिघांच्या आधाराने. मधला भाग मागवून एमडीएम-२चा प्रयोग मांडणारा एक विद्यार्थी मी पाहिला आहे. दोन महिने तो पिपेटला दोष देत होता.

टॅग. शुद्धीकरणासाठी शेपटीसारखा जोडलेला भाग. हिस-टॅग लहान असतो, जीएसटी (कर नव्हे, ग्लुटाथायोन एस-ट्रान्सफरेज हे प्रोटीन) तब्बल २६ किलोडाल्टनचा. किलोडाल्टन हे प्रोटीनच्या वजनाचं माप. शिवाय जीएसटी स्वतः जोडीने राहणारा आणि आपलं प्रोटीन चौघांच्या जुडीने राहणारं, त्यामुळे पकडीची मोजमापं करायची असतील तर जीएसटी टाळलेला बरा.

यजमान. ई. कोलाय जिवाणूत बनलेल्या प्रोटीनवर माणसाच्या पेशीतले फॉस्फेट लागत नाहीत. तुमचा प्रश्न सेरीन १५ च्या फॉस्फेटबद्दल असेल तर ती व्हायल तुमच्या कामाची नाही. किड्याच्या पेशीतल्या प्रोटीनवर काही फॉस्फेट असतात, पण कुठले, ते विक्रेत्याकडून लेखी घ्या.

क्रम. "वाइल्ड टाइप" वाचून थांबू नका. ७२ व्या जागी काही माणसांत प्रोलिन असतं, काहींत आर्जिनिन, आणि दोन्ही निरोगी. तुमच्या व्हायलमध्ये कुठलं आहे ते वहीत लिहून ठेवा. पुढे दुसऱ्या कंपनीचा माल घेतलात आणि आकडे जुळले नाहीत तर ही नोंद उपयोगी पडेल. युनिप्रॉट या प्रोटीनच्या नोंदसाठ्यात मानवी पी-५३चा क्रमांक पी०४६३७ आहे, त्याच्याशी ताडून पाहा.

कॅरियर. काही व्हायलमध्ये प्रोटीन नळीच्या भिंतीला चिकटू नये म्हणून गाईचं अल्ब्युमिन, म्हणजे बीएसए घातलेलं असतं. अशा व्हायलचं ब्रॅडफर्ड, म्हणजे रंगाने प्रोटीन मोजायची चाचणी, केलंत तर तुम्ही मुख्यतः बीएसए मोजता. जेलवर ६६ च्या आसपास जाडजूड बँड येतो आणि नवा माणूस आनंदाने नाचतो. शक्यतो बिनकॅरियरचं मागा.

३. कागदपत्रं

कंटाळवाणं प्रकरण, लवकर उरकू. सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत साधारण एवढं लागतं:

- तुमच्या गाइडच्या सहीचा इंडेंट (मागणीपत्र), त्यावर प्रकल्पाचं बजेट हेड
- डीलरचं कोटेशन, त्यात कॅटलॉग नंबर, प्रमाण आणि "गोव्यात दारापर्यंत पोच" हे शब्द
- तुमच्या संस्थेत मागत असतील तर, वस्तू जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर मिळत नसल्याचा पोर्टलचाच अहवाल
- एकाच कंपनीचा माल हवा असेल तर प्रोप्रायटरी आर्टिकल सर्टिफिकेट, सोबत तीन ओळींचं शास्त्रीय कारण
- माल परदेशातून येत असेल तर संस्थेच्या डीएसआयआर (केंद्राचा विज्ञान व औद्योगिक संशोधन विभाग) नोंदणीची प्रत
- सेफ्टी डेटाशीट आणि त्या लॉटचं ॲनालिसिस सर्टिफिकेट

शुद्ध प्रोटीन जिवंत नसतं, त्यामुळे ते विकत घेताना जैवसुरक्षेची बाब सहसा सोपी असते. पण तेच प्रोटीन तुम्ही स्वतः ई. कोलायमध्ये बनवणार असाल तर १९८९ चे जनुकबदल केलेल्या जीवांचे नियम लागू होतात आणि संस्थेच्या बायोसेफ्टी कमिटीकडे, म्हणजे आयबीएससीकडे, आधी जावं लागतं. कमिटीची बैठक रोज होत नसते. तारीख आधी विचारून घ्या.

कोटेशनमधली दारापर्यंत पोच ही ओळ नसेल तर माल मुंबईत येऊन पडतो आणि पुढचा प्रवास कोणाच्या खर्चाने यावर पत्रव्यवहार सुरू होतो. तेवढ्यात ड्राय आइस उडून जातो. त्याला पत्रव्यवहार कळत नाही.

४. कुठल्या दिवशी मागवायचं

पार्सल मंगळवार ते गुरुवार यांतच पोचेल असं पाहा. शुक्रवारची पोच घेऊ नका. मुंबईहून विमानाने येणार असेल तर दाबोळीला उतरणार की मोपाला, हे विचारा. मोपा पेडण्यात. तिथून जुवारीनगरपर्यंत गाडीला तासाहून जास्त लागतो. बंगळूरकडून रस्त्याने येणार असेल तर जुलैत अनमोड आणि चोर्ला घाटांची अवस्था लक्षात घ्या. वाटेत ड्राय आइस पुन्हा भरण्याची सोय आहे का, हा प्रश्न डीलरला फोनवर न विचारता ईमेलवर विचारा.

आणि कॅलेंडर समोर ठेवा. ३ डिसेंबरचं जुन्या गोव्याचं फेस्त, १९ डिसेंबरचा मुक्तिदिन, नाताळ, कार्निव्हल, शिगमो, आणि सगळ्यांत मोठी म्हणजे चवथ, गणेशचतुर्थी. चवथीच्या आठवड्यात गोव्यात कोणी कोणाचं पार्सल घेत नाही.

हे मी अनुभवाने सांगते. एका वर्षी आमची व्हायल चवथीच्या आदल्या दुपारी आली. मी माटोळीचं सामान घ्यायला डिचोलीच्या बाजारात. गेटवरच्या काकांनी पेटीवर "औषध" वाचल्यासारखं केलं आणि शहाणपणाने ती साध्या फ्रिजमध्ये ठेवली, पाण्याच्या बाटल्यांशेजारी. दोष काकांचा नव्हता, उणे ८० अंशांचा फ्रीझर म्हणजे काय हे त्यांना मीच सांगितलं नव्हतं. पाच दिवसांनी मी परत आले, ड्राय आइस केव्हाच संपलेला. मॅडमना सांगायची हिंमत होईना. गुपचूप जेल लावलं तर ५३ वर स्वच्छ, सरळ बँड! मी देवाला नारळ कबूल केला आणि कामाला लागले. पुढचे तीन आठवडे एकाही प्रयोगात ते प्रोटीन डीएनएला चिकटलं नाही.

त्याचं कारण आठव्या पायरीत येईल. ही पायरी वाचून एवढं करा: पार्सलचा ट्रॅकिंग नंबर तुमच्याकडे, आणखी एका माणसाकडे आणि गेटवर, अशा तीन ठिकाणी ठेवा.

५. व्हायल आली

हातमोजे, पेटीचा फोटो, ड्राय आइस किती उरलाय याचा फोटो, वेळ. ड्राय आइस शिल्लकच नसेल तर त्याच तासात डीलरला कळवा, उद्यावर टाकू नका. लॉट नंबर वहीत उतरवा.

ड्राय आइस उणे ७८ अंशांचा असतो. उघड्या हाताने धरू नका, आणि उरलेला घट्ट झाकणाच्या बाटलीत भरू नका, फुटेल. बंद खोलीत किंवा काचा लावलेल्या गाडीत नेऊ नका, तो कार्बन डायऑक्साइडच आहे. पण फेकूही नका. आजच लागणार आहे.

व्हायल कोरडी, म्हणजे लायोफिलाइज केलेली असेल तर गोष्ट वेगळी. तळाशी पांढरा कापूस दिसेलच असं नाही, कधी नुसती पुसट चकाकी असते. अशी व्हायल थंड असतानाच उघडली तर जूनमधल्या आपल्या हवेतली वाफ आत धावते. बंदच ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्या, एकदा स्पिन करा, म्हणजे सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा, मगच उघडा.

६. ॲलिक्वॉट: याच दिवशी, याच तासात

फ्रीझरमधून काढलेला बांगडा एकदा पाघळवून पुन्हा गोठवला की त्याची काय गत होते हे आपल्या घरी कोणाला सांगावं लागत नाही. पी-५३ त्याहून नाजूक. एकदा वितळवायचं, छोट्या-छोट्या वाट्यांत वाटायचं, गोठवायचं, आणि प्रत्येक वाटी एकदाच वापरायची.

जवळ काय हवं: बर्फाची बादली, ४ अंशांवर चालणारं छोटं सेंट्रिफ्यूज, प्रोटीन न चिकटणाऱ्या ०.२ किंवा ०.५ मिलीच्या नळ्या, आधीपासून बर्फात ठेवलेल्या टिप्स, थंडीत न सुटणारी लेबलं, उरलेला ड्राय आइस आणि थोडं इथेनॉल.

व्हायल उभी बर्फात ठेवा, हाताच्या उबेने वितळवू नका. वितळली की काही सेकंद स्पिन, म्हणजे झाकणातली मिरी तळाला येते. व्होर्टेक्स, म्हणजे यंत्रावर घुसळणं, नाही. पिपेटने फेस आणायचा नाही. फेसाचा प्रत्येक बुडबुडा म्हणजे प्रोटीन उलगडायला मोकळी केलेली जागा.

आता हिशोब. समजा ५० मायक्रोग्रॅम आहे, अर्धा मिलिग्रॅम प्रति मिली. म्हणजे १०० मायक्रोलिटर. पाच-पाचचे वाटे केले तर कागदावर वीस, हातात अठरा-एकोणीस. एका वाट्यात अडीच मायक्रोग्रॅम. जेलच्या एका लेनला (रकान्याला) शंभर नॅनोग्रॅम घातले तरी एक वाटा एका दिवसाला पुरून उरतो. उरलेला फेकायचा. हो, फेकायचा. पहिल्यांदा जीव वर-खाली होतो, नंतर सवय होते.

इथेच सगळ्यांत जास्त पाय घसरतो: मोलॅरिटी, म्हणजे द्रावणात रेणू किती याचा हिशोब. नाव पी-५३, म्हणून मुलं ५३ किलोडाल्टन धरून चालतात. प्रत्यक्षात बिनटॅगचं वजन सुमारे ४३.७ आहे. प्रोलिनने भरलेल्या भागामुळे ते जेलवर रेंगाळतं आणि ५३ वर दिसतं, आणि नाव पडलं ते त्या रेंगाळण्यावरून. वरच्या व्हायलचा हिशोब ४३.७ ने केला तर सुमारे ११.४ मायक्रोमोलर, ५३ ने केला तर ९.४. जीएसटी टॅग असेल तर ७० च्या आसपास धरा, म्हणजे सुमारे ७. आणि लिहिताना एकट्या प्रोटीनची मोलॅरिटी की चौघांच्या जुडीची, हे स्पष्ट लिहा, नाहीतर चौपट गोंधळ.

द्रव नायट्रोजन असेल तर त्यात गोठवा. नसेल तर पेटीतल्या ड्राय आइसवर जाड भांड्यात थोडं थोडं इथेनॉल ओता, उकळल्यासारखं फसफसेल, ते शमलं की नळ्या बुडवा. डोळ्यांवर चष्मा, खिडकी उघडी, जवळपास बर्नर नाही. झाकणं घट्ट लावा, कार्बन डायऑक्साइड आत शिरला तर नमुना आंबट होतो, म्हणजे पीएच खाली येतो. मग थेट उणे ८० मध्ये. घरच्यासारख्या फ्रॉस्ट-फ्री फ्रीझरमध्ये कधीच नाही. बर्फ साचू नये म्हणून तो अधूनमधून स्वतःच गरम होतो.

७. बफर, आणि पी-५३च्या पोटातलं जस्त

या प्रोटीनच्या डीएनए धरणाऱ्या भागात जस्ताचा एक अणू आहे. तीन सिस्टीन (१७६, २३८, २४२) आणि एक हिस्टिडीन (१७९) ही अमिनो आम्लं त्याला चार हातांनी धरून असतात. तो गेला की घडी विस्कटते. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

ईडीटीए धातू ओढून घेतं, म्हणून बफरमध्ये, म्हणजे पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात, ते नको. सवयीने प्रत्येक बफरला ईडीटीए घालणारे हात आपल्या सगळ्यांचे असतात. ते आवरा. जस्त कमी पडेल म्हणून मूठभर घालू नका, काही मायक्रोमोलर पुरे, जास्त झालं तर प्रोटीनच्या गुठळ्या होतात. जस्त आणि फॉस्फेट एकत्र आले की साका बसतो, म्हणून पीबीएस हा फॉस्फेटचा बफर नको, हेपेस किंवा ट्रिस घ्या. सिस्टीन शाबूत राहायला डीटीटी लागतं, पण ते त्याच दिवशी घाला. गेल्या आठवड्यातलं डीटीटी म्हणजे नुसता वास. हिस-टॅगवालं प्रोटीन वेगळं करायला स्वतः निकेल कॉलम चालवत असाल तर मात्र भरपूर डीटीटीने कॉलम तपकिरी पडतो, तिथे त्याच कामाचं टीसेप बरं.

आमचा नेहमीचा बफर: २५ मिलिमोलर हेपेस, पीएच ७.५, १५० मिलिमोलर मीठ, १० टक्के ग्लिसरॉल, १ मिलिमोलर ताजं डीटीटी. फार पातळ करायचं असेल आणि प्रयोगाला चालत असेल तर ०.१ मिलिग्रॅम प्रति मिली बीएसए, नाहीतर सगळं प्रोटीन नळीच्या भिंतीला लागतं.

ट्रिस वापरणार असाल तर एक गंमत लक्षात ठेवा. त्याचा पीएच तापमानाबरोबर हलतो, दर अंशाला साधारण ०.०३. मे महिन्यात एसी बंद असलेल्या खोलीत, ३० अंशांवर ७.५ ला लावलेला ट्रिस कोल्ड रूममध्ये नेला की आठच्या वर जातो. पीएच लावाल तो वापरायच्या तापमानालाच.

८. जेल आणि वेस्टर्न: हे काय सांगतात, काय सांगत नाहीत

१० टक्क्यांचं एसडीएस जेल लावा, शेजारी मोजलेलं बीएसए चढत्या क्रमाने. कूमासी रंगाला लेनमागे दोनशे-तीनशे नॅनोग्रॅम द्या, तपासणी एकदाच करायची आहे. बिनटॅगचं पूर्ण प्रोटीन ५३ च्या आसपास, जीएसटीवालं ८० च्या. खाली पायऱ्या-पायऱ्यांचे बँड दिसले तर प्रोटीन तुटलेलं आहे.

वेस्टर्नला बहुतेक ठिकाणी डीओ-१ ही अँटिबॉडी असते. ती प्रोटीनच्या सुरुवातीचा, २० ते २५ चा तुकडा ओळखते. तुमची व्हायल ९४ ते ३१२ ची असेल तर डीओ-१ ला काहीच दिसणार नाही आणि तुम्ही कंपनीला रागाचं ईमेल पाठवाल. पाठवू नका. मी पाठवलेलं आहे.

आता ती चवथीची व्हायल. एसडीएस जेलवर चढवण्याआधी आपण प्रोटीनला उकळतो, त्याची घडी पूर्ण मोडतो. मग घडी आधीच मोडलेली असली काय आणि नसली काय, बँड तोच, तिथेच, तितकाच सुंदर. पाच दिवस फ्रिजमध्ये पडलेलं माझं प्रोटीन लांबीला पुरं होतं, पण ते कशालाही धरू शकत नव्हतं. जेल खोटं बोललं नाही, मी त्याला चुकीचा प्रश्न विचारला होता.

घडीबद्दल विचारायचं असेल तर पॅब-१६२० आणि पॅब-२४० या दोन अँटिबॉडी आहेत. पहिली नीट घडीचं पी-५३ ओळखते, दुसरी उलगडलेलं. पण दोन्ही न उकळलेल्या नमुन्यावर, एलायझामध्ये किंवा इम्युनोप्रेसिपिटेशनमध्ये वापरायच्या. उकळून केलेल्या वेस्टर्नमध्ये पॅब-२४० सगळ्यांनाच उलगडलेलं म्हणणार.

९. डीएनएला चिकटतं का

खरी परीक्षा ही. जेल शिफ्ट, आपल्या भाषेत एम्सा: प्रोटीन चिकटलेला डीएनए जेलवर मागे राहतो आणि त्याचा वेगळा बँड दिसतो. पी-२१ जीनच्या प्रोमोटरमधली, म्हणजे जीन चालू करणाऱ्या भागातली, पी-५३ची २० अक्षरांची जागा दोन्ही बाजूंना थोडी लांब करून घ्या, एका टोकाला चमकणारा रंग लावा, आणि प्रोटीनबरोबर २० ते २५ अंशांवर वीसेक मिनिटं ठेवा.

३७ वर नाही. माणसाचं प्रोटीन म्हणून माणसाचं तापमान, हा तर्क इथे बुडवतो. मोजमापं सांगतात की सुटा डीएनए धरणारा भाग ३७ अंशांवर ९ मिनिटांत निम्मा उलगडतो. पेशीत त्याला सांभाळणारी माणसं असतात, तुमच्या नळीत कोणी नाही.

न उकळलेल्या नमुन्याचं हे जेल कोल्ड रूममध्ये चालवा. नेहमीच्या टीबीई बफरमधला "ई" म्हणजे ईडीटीए, आम्ही तो वगळून नुसतं ट्रिस-बोरेट वापरतो. लेन निदान अशा हव्यात: नुसता डीएनए, डीएनए आणि प्रोटीन, त्यात बिनरंगाचा तोच डीएनए भरपूर, त्यात बिनरंगाचा दुसराच डीएनए भरपूर, आणि जमलं तर आर-२७३-एच म्यूटंट. ही २७३ ची आर्जिनिन थेट डीएनएला टेकते, ती बदलली की पकड सुटते. तिसऱ्या लेनमध्ये बँड गेला आणि चौथ्यात राहिला, तर तुमची व्हायल जिवंत आहे. हे प्रत्येक नव्या लॉटला करा, प्रोजेक्टची घाई असली तरी.

१०. कोकम, खारफुटी आणि खोटा आनंद

गोव्यात पी-५३चं काम म्हटलं की कोणीतरी मांडवीकाठच्या खारफुटीचा नाहीतर कोकमाचा अर्क घेऊन येतंच. यायलाच हवं, कोकमातल्या गार्सिनॉलचा पी-३०० या एन्झाइमवरचा परिणाम प्रसिद्ध झालेला आहे आणि पी-३०० पी-५३वर काम करतं. पण कच्च्या अर्कात टॅनिन असतं. टॅनिन प्रोटीनला धरून खाली बसवतं, चामडं कमावतात ते त्याच बळावर. अशा अर्काने पी-५३ची कुठलीही पकड "बंद" झालेली दिसते, आणि अल्ब्युमिनचीही होते. म्हणून अर्कासोबत तीन गोष्टी नक्की करा. पी-५३शी काही संबंध नसलेली दुसरी प्रोटीन-जोडी घेऊन तोच प्रयोग. ०.०१ टक्का ट्रायटन घालून पुन्हा मोजणी, परिणाम नाहीसा झाला तर तो गुठळ्यांचा होता. आणि नुसत्या अर्काची चमक, कारण पुष्कळ अर्क स्वतःच चमकतात. अर्क विरघळवायला घातलेलं डीएमएसओ १ टक्क्याच्या आत ठेवा.

आणखी एक, दरवर्षी विचारलं जातं: व्हायलमधलं पी-५३ हेला या प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या कॅन्सरच्या पेशींच्या प्लेटमध्ये ओतलं तर पेशी मरतील का? नाही. एवढं मोठं प्रोटीन आपणहून पेशीत शिरत नाही. शिवाय हेलामध्ये एचपीव्ही-१८ विषाणूचं ई-६ प्रोटीन आहे, ते पी-५३ला कचऱ्यात पाठवतं.

याच प्रश्नाचं दुसरं रूप घरून येतं. माझ्या मावशीला कॅन्सर निघाला तेव्हा मावसभावाने रात्री फोन केला, "ताई, तुझ्याकडे ते कॅन्सर थांबवणारं आहे ना, थोडं मिळेल?" व्हायलवर "केवळ संशोधनासाठी" छापलेलं असतं, ते शोभेसाठी नाही. ते निर्जंतुक नसतं, माणसासाठी तपासलेलं नसतं, आणि टोचलं तरी पेशीत पोचणार नाही. त्याला मी हे सगळं सांगितलं, मग दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्याबरोबर बांबोळीच्या ओपीडीच्या रांगेत उभी राहिले. असा फोन तुम्हालाही येईल. चिडू नका.

११. सुट्टीला जाण्याआधी

उणे ८० चा अलार्म चालतो का बघा. जनरेटरच्या लाइनवर तो फ्रीझर आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून समजून घ्या, गृहीत धरू नका. व्हायलचे वाटे दोन वेगवेगळ्या फ्रीझरमध्ये ठेवा. दारावर कागद लावा: वीज गेली तर दार उघडू नये, कोणाला फोन करावा, दोन नंबर. शाईने लिहिलेलं ऑगस्टमध्ये ओघळतं, पेन्सिलने लिहा किंवा प्लास्टिक चिकटवा.

आणि गेटवर जाऊन एकदा बोला. मी काकांना थर्माकोलची पेटी दाखवली, आतला धूर दाखवला, एक तुकडा पाण्यात टाकून फसफसवूनही दाखवला. त्यांच्या टेबलाच्या काचेखाली आता माझा नंबर आहे. परवाच कुठे ठेवू म्हणून फोन आला, "बाय, तुजी बर्फाची पेटी आयल्या. खंय दवरूं?"